‘नववी लाट’मधला सूर्य उगवतोय

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत समुद्राच्या जुन्या पेंटिंगांवर लेख आला, फार बरं वाटलं, आपल्या भागातल्या पेपरात चित्रकलेला एवढी जागा मिळाली ह्याबद्दल आधी मनापासून आभार. पण लेखात आयवाझोव्स्कीच्या ‘नववी लाट’ ह्या चित्राचा फोटो छापलाय आणि खाली ओळ आहे की मावळत्या सूर्याच्या उजेडातला खवळलेला समुद्र, अगदी फोटोसारखा हुबेहूब. ह्यातल्या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. सूर्य मावळत नाहीये, उगवतोय. आणि फोटोसारखं तर ते चित्र मुळीच नाही, ते का नाही हे कळलं तरच त्यातलं पाणी कळतं असं माझं म्हणणं आहे, म्हणून एवढं लांब पत्र लिहितोय, जागेप्रमाणे कापा पण सूर्याचं तेवढं कापू नका.

मी पडदे रंगवतो. नाटकाचे, गणपतीच्या देखाव्यांचे, शिवजयंतीच्या चित्ररथांचे. बेळगावात शिवजयंतीची मिरवणूक काय असते हे आपल्या वाचकांना सांगायला नको, आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळाला सिंधुदुर्ग हवाच असतो, सिंधुदुर्ग म्हटला की मागं समुद्र आला. फ्लेक्स आल्यापासून हाताचं काम खूप कमी झालं तरी काही मंडळं अजून हट्टानं रंगवलेलाच पडदा मागतात, त्यांच्यामुळं हात चालू आहे. सांगायचं कारण एवढंच की पाणी कसं रंगवायचं हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे आणि ह्या एका चित्राकडं मी बरीच वर्षं बघत आलोय. पूर्वी रशियन पुस्तकांची प्रदर्शनं लागायची, जाड गुळगुळीत कागदावरची रंगीत पुस्तकं अगदी स्वस्तात मिळायची, तिथं घेतलेला ह्या चित्राचा मोठा प्रिंट माझ्याकडं आहे.

चित्र १८५० सालचं. चित्रकार इव्हान आयवाझोव्स्की, जन्म १८१७, गाव फिओदोसिया, क्रिमियात काळ्या समुद्राच्या काठावर, घराणं आर्मेनियन. कॅनव्हास २२१ बाय ३३२ सेंटीमीटर, आमच्या हिशोबानं सव्वासात फूट उंच आणि जवळपास अकरा फूट रुंद, म्हणजे समोर उभं राहिलं तर माणूस आतच जाणार असं माप. सध्या सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. चित्रातली गोष्ट अशी की रात्रभर वादळ झालंय, जहाज फुटलंय, जी काही माणसं उरलीत ती मोडक्या डोलकाठीला धरून आहेत, आणि आता उजाडलंय. खलाशांची जुनी समजूत होती की वादळात लाटा एकीपेक्षा एक चढत जातात आणि नववी सगळ्यात मोठी, नाव त्यावरनं आलं. नऊ हा आकडा काही पक्का नाही, पण लाटा घोळक्यानं येतात आणि दोन-तीन लाटा एकमेकींवर चढून मधेच एखादी भलतीच उंच होते हे खरं आहे, किनाऱ्यावर थोडा वेळ शांत बसून बघितलं तरी दिसतं.

आता हा सूर्य मावळता का वाटतो. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या पोराला प्रिंट दाखवला तर तोही म्हणाला, ‘मामा, सूर्य बुडायलाय की ओ.’ आणि मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण आपला समुद्र पश्चिमेला. बेळगावचा माणूस समुद्र बघायला जातो म्हणजे चोर्ल्यातनं गोव्यात उतरतो, नाहीतर आंबोलीतनं सावंतवाडी करून वेंगुर्ला-शिरोडा गाठतो, नाहीतर खानापूर-रामनगरवरनं कारवारला जातो, आणि कुठंही गेला तरी सूर्य त्याच्या पाठीमागं डोंगरातनं उगवतो आणि समोर पाण्यात बुडतो. पाण्याला टेकलेला सूर्य म्हणजे संध्याकाळ, हे आपल्या डोळ्यात लहानपणापासनं बसलंय, आपण दुसरं काही बघितलेलंच नाही. फिओदोसियाचा उपसागर पूर्वेच्या बाजूला उघडा आहे, तिथं सूर्य पाण्यातनं वर येतो. तो माणूस जन्मभर जे बघत आला ते त्यानं काढलं आणि आपण जे बघत आलो ते आपण त्यात वाचलं, एवढंच झालंय.

नुसत्या रंगावरनं सकाळ की संध्याकाळ हे ठरवता येत नाही हे मला मान्य आहे. सूर्य खाली असला की दोन्ही वेळेला त्याच्या उजेडाला हवेतनं लांबचा रस्ता कापावा लागतो, निळा भाग वाटेत विखरून जातो आणि पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो, तो सकाळी पण तसाच आणि संध्याकाळी पण तसाच. म्हणून तर खालची ओळ बरोबर पाहिजे. संध्याकाळ धरली तर ही माणसं आता अंधारात जाणार, त्यांचं काही खरं नाही, चित्र तिथंच संपलं. सकाळ धरली की सगळं फिरतं, सगळ्यात वाईट रात्र मागं पडली, लाट अजून डोक्यावर आहे पण आता ती दिसायला लागलीय, आणि थोड्या वेळानं अजून उजेड येणार आहे. त्या आभाळातला गुलाबी-सोनेरी धूसरपणा असा आहे की बघणाऱ्याला वाटत राहतं, वाचतील ही माणसं. आपण छापलेल्या ओळीनं त्यांचं वाचणंच काढून घेतलं, म्हणून मला ते लागलं.

फोटोसारखं म्हणण्याबद्दल. १८५० साली कॅमेरा होता, पण फुटणारी लाट आणि वरचं उजळ आभाळ एकाच प्लेटवर धरणं त्याला जमत नव्हतं. आभाळ नीट आलं तर पाणी काळं व्हायचं, पाण्यासाठी जास्त वेळ दिला तर आभाळ पांढरंफटक. पुढं १८५६-५७ च्या सुमाराला गुस्ताव ल ग्रे ह्या फ्रेंच फोटोग्राफरनं समुद्राचे जे गाजलेले फोटो काढले त्यातले काही दोन निगेटिव्ह जोडून छापलेत, एक आभाळाची आणि एक पाण्याची. म्हणजे त्या काळात जो समुद्र फोटोत मावत नव्हता तो ह्या माणसानं आधीच कॅनव्हासवर आणला होता, आणि तो पण समोर बघून नाही. त्याचं मत पक्कं होतं की वीज, वाऱ्याचा झोत, लाटेचा उसळता तुकडा ह्या गोष्टी समोर बसून रंगवताच येत नाहीत, ब्रश उचलेपर्यंत ते निघून गेलेलं असतं. पेन्सिलीनं बारकी टिपणं करायची आणि मग स्टुडिओत बसून आठवणीतनं रंगवायचं, अशी त्याची पद्धत, आणि अशी जन्मभरात सहा हजाराच्या आसपास चित्रं केली.

आणि आठवणीतनं केलंय हे लाटेच्या आकारावरनंही कळतं. खोल समुद्रात, किनाऱ्यापासनं लांब, लाट सहसा अशी कमान करून पुढं वाकत नाही, तिथं मोठ्या उंचवट्याच्या डोक्यावर फेस ढासळतो. कमान होते ती किनाऱ्याजवळ, जिथं खाली जमीन वर येते, लाटेचा पाय घासतो आणि डोकं पुढं जातं. म्हणजे जहाज फुटलंय भर समुद्रात आणि लाट आलीय गावच्या किनाऱ्यावरची. काही लोक ही चूक म्हणून दाखवतात. मला ती चूक वाटत नाही, ज्या लाटेत त्यानं उजेड शिरताना बघितला तीच लाट त्याला पाहिजे होती, कारण उजेड आत शिरायला लाट पातळ व्हावी लागते आणि पातळ होते ती किनाऱ्यावरच.

आता खरा मुद्दा, पाण्यातला उजेड. चित्रात सूर्य धूसर आहे, धुक्यात अर्धा विरघळलेला, त्याच्याकडं बघून डोळा लगेच दुसरीकडं जातो आणि थांबतो तो लाटेच्या वरच्या कडेवर. तिथं जरा बारीक बघा. लाट जसजशी उंच आणि पातळ होत गेलीय तसतसा रंग बदलत गेलाय, खाली बॉटल ग्रीन, जवळपास काळा, मधे हिरवा, आणि अगदी कडेला लिंबाच्या सालीकडं झुकणारा पिवळट हिरवा, आणि त्या कडेवरनं फेसाचे दोरे सुटून खाली ओघळलेत. फेसाला सकाळचा गुलाबी उजेड लागलाय, पाण्याला मात्र तो लागलेला नाही, पाणी हिरवंच आहे. एकाच लाटेवर दोन वेगळे उजेड, शेजारी शेजारी.

ह्याचं कारण सूर्य लाटेच्या मागं आहे. उजेड मागनं शिरतो, पाण्यातनं पार होतो आणि मग आपल्याकडं येतो. हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा तळहातावर ठेवला तर काळपट दिसतो आणि उन्हाकडं वर धरला की उजळतो, तसंच हे. आणि हिरवाच का, तर पाणी तांबडा रंग सगळ्यात आधी खातं, किनाऱ्याजवळच्या पाण्यात बारीक शेवाळ आणि कुजलेल्या पानापाचोळ्याचा अर्क असतो तो निळ्यातला बराचसा खातो, मग मधला हिरवा तेवढा सुटून बाहेर येतो. लाट जाड असली की तोही अडकतो आणि पाणी काळं दिसतं. म्हणून चित्रातल्या लाटेच्या बुडाला अंधार आहे, आणि ज्यानं कुणी तो अंधार नुसती सावली म्हणून बघितला त्यानं अर्धंच बघितलं, ती पाण्याची जाडी आहे. फेसाचं वेगळं, फेसात हवेचे बुडबुडेच बुडबुडे, उजेड आत खोल जातच नाही, सगळे रंग सारखेच उडवून लावतो, म्हणून तो पांढरा आणि म्हणून ज्या वेळेचा उजेड त्या वेळेचा रंग त्याच्यावर चढतो.

दुसरी गोष्ट, तीही ह्या चित्रात चोख आहे. पाण्यात सरळ वरनं बघितलं तर शंभरातला दोनच भाग उजेड पृष्ठभागावरनं परत येतो, बाकीचा आत जातो, विहिरीत वाकून बघितलं की आतलं दिसतं ते ह्यामुळं. नजर जितकी तिरकी होत जाईल तितकं परत येणं वाढत जातं आणि अगदी लांब, जिथं नजर पाण्याला जवळपास घासून जाते तिथं जवळजवळ सगळाच उजेड परत येतो. त्यामुळं लांबचा समुद्र म्हणजे आभाळच असतं, आभाळ गुलाबी तर तो गुलाबी, आभाळ राखाडी तर राखाडी. आणि समोर उभी राहिलेली लाट आपल्याकडं तोंड करून असते, तिच्यावर नजर सरळ पडते, म्हणून तिच्या आतलं दिसतं. एकाच पाण्यात लांब आभाळ आणि जवळ पोट. हे कुठल्या पुस्तकातलं वाचून त्यानं काढलं असेल असं मला वाटत नाही, डोळ्यानं बघून डोक्यात ठेवलं आणि मग ते तसंच हातातनं उतरलं.

आणि हे सगळं बघायला रशियाला जायची गरज नाही की ओ. सूर्य लाटेच्या मागं पाहिजे एवढीच अट, आणि आपल्याकडं तो रोज संध्याकाळी लाटेच्या मागंच असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाणी निवळल्यावर, वेंगुर्ल्याला नाहीतर शिरोड्याला जा, सूर्य पाण्यापासनं थोडा वर असतानाच वाळूत खाली बसा, उभं राहून बघू नका, डोळा खाली आला की लाट आभाळावर चढते आणि मागचा उजेड तिच्यातनं येतो. लाट वाकायच्या आधी अगदी थोडा वेळ, कडेला हिरवा रंग पेटतो आणि विझतो, पुढची लाट आली की परत. पावसाळ्यात हे होत नाही, पाण्यात माती असते, ती उजेड आत येऊच देत नाही. आणि सकाळी गेलात तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो, उजेड लाटेच्या तोंडावर पडतो आणि ती नुसती फिकी दिसते. म्हणजे त्याच्या सकाळचा उजेड आपल्याला आपल्या संध्याकाळी बघायला मिळतो. आपले लोक त्या वेळेला सूर्याकडं पाठ करून सेल्फी काढत असतात, त्यांना माझी विनंती आहे, एक पाच मिनिटं सूर्य सोडून लाटेकडं बघा.

रंगवण्याबद्दल थोडं लिहितो, कारण लेखात ते अजिबात आलं नाही आणि माझ्या मते तेच सगळ्यात सुंदर आहे. डिस्टेंपरमध्ये नाहीतर पोस्टर कलरमध्ये ही लाट होत नाही. तो रंग अपारदर्शक, वर बसतो, उजेड त्याच्यावर आपटून तिथूनच परत येतो, लाट भिंतीसारखी दिसते. तेलरंगात ग्लेझ देता येतो. खाली फिकं अस्तर, त्यावर लाटेची गडद-फिकी बांधणी करून घ्यायची, ती पूर्ण वाळू द्यायची, घाई केली तर सगळं खरवडून निघतं, मग जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन घालून रंग इतका पातळ करायचा की खालचं सगळं दिसलं पाहिजे, आणि मऊ ब्रशनं एक हात द्यायचा. वाळला की दुसरा हात. मग काय होतं, उजेड ह्या पातळ थरातनं आत जातो, खालच्या फिक्या अस्तरावर पोचतो आणि त्याच थरातनं परत बाहेर येतो, जाताना आणि येताना दोन्ही वेळेला रंग घेऊन. म्हणजे रंगाचा थर पाण्याचंच काम करतो. लाटेत जे होतं तेच कॅनव्हासवर होतं, खरोखर होतं, नुसता भास नाही. आयवाझोव्स्की पाण्यासाठी हेच ग्लेझ वापरायचा आणि त्यात त्याचा हात धरणारा फारसा कुणी नव्हता. आणि शेजारचा फेस मात्र जाड रंगानं, वर चढवून, कारण फेसात उजेड शिरत नाही.

पडद्याच्या कामात एवढा वेळ कुठून मिळणार, मंडळाला आठवड्यात पडदा हवा असतो. पण एका मंडळाच्या सिंधुदुर्गाच्या देखाव्यात मी लाटेचा वरचा भाग तेवढा मांजरपाटावर नुसत्या पाण्यासारख्या पातळ रंगानं ठेवला, बाकी तट, खडक, जहाजं सगळं जाड रंगात, आणि लाईटवाल्याला सांगून एक फोकस समोरनं काढून मागं खाली लावला. मिरवणुकीत तो चित्ररथ वळणावर थांबला तेव्हा बायका-पोरं लाटेकडं बोट दाखवायला लागली, महाराजांच्या गडाइतकंच त्या लाटेकडं बघत होती. उजेड मागनं आला की पाणी जिवंत होतं, दुसरं काही गुपित नाही ह्यात.

म्हणूनच पुरवणीतला फोटो बघून जीव हळहळला. एक तर आतल्या पानावर ब्लॅक अँड व्हाइट, त्यात जागेसाठी वरनं-खालनं कापून पट्टी केलेली. पेपरच्या खर्चाची मला कल्पना आहे, रंगीत पानं मोजकी असतात. तरी सांगतो, काही चित्रं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तग धरतात आणि काही मरतात. ह्याच लेखात फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२ च्या ‘इंप्रेशन, सनराइज’चा उल्लेख आहे (तिथं सकाळ बरोबर लिहिलीय), त्याचा फोटो मोबाईलवर काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो, कारण मोनेनं सूर्य आणि आजूबाजूचं आभाळ जवळपास एकाच उजळपणाचं ठेवलंय, फरक सगळा रंगाचा आहे, उजेडाचा नाही, म्हणूनच रंगीत बघताना तो सूर्य जागेवर ठरत नाही, थरथरतो. ‘नववी लाट’ तशी गायब होत नाही, तिची बांधणी अंधार-उजेडावर आहे, पण फेसाचा गुलाबी आणि पाण्याचा हिरवा हे दोन्ही एकच राखाडी झाले की मी वर जे सगळं सांगितलं ते दिसणार कसं. आणि आभाळ कापलं की उजेड येतोय कुठनं हेच कळत नाही.

पोरांचा पण विचार करा. आपल्या भागात दर वर्षी ड्रॉइंगच्या लोअर-हायर परीक्षेला किती तरी मुलं बसतात, निपाणी, चिकोडी, खानापूर, खेड्यापाड्यातली, त्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र बघितलेला नसतो. त्यांना समुद्र काढा म्हटलं की निळ्या रंगाची बाटली उघडतात, सगळं पाणी एक निळं, त्यावर पांढऱ्या रेघा. त्यात मुलांचा काय दोष, दाखवलंच नाही कुणी. के. बी. कुलकर्णींसारख्या चित्रकारांनी ज्या बेळगावात विद्यार्थी घडवले तिथं हे असं राहू नये. आणि समुद्र लांब असला म्हणून काय झालं, पाणी तर जवळ आहे, कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी रंकाळ्याचं, पंचगंगेचं पाणी रंगवलंच की. मलप्रभेच्या काठावर, राकसकोपच्या जलाशयावर संध्याकाळी पोरांना घेऊन जा, लांबच्या पाण्यात आभाळ दिसतं आणि पायाजवळच्या पाण्यात तळाचे दगड दिसतात, हे एवढं एकदा दाखवलं की परत ती सगळं पाणी निळं करणार नाहीत. ड्रॉइंगचे सर-मॅडम हे पत्र वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगणं आहे.

राकसकोपवरनं आठवलं म्हणून लिहितो. बेळगावला प्यायचं पाणी राकसकोपचं, उन्हाळ्यात त्याची पातळी किती फूट उतरली ही बातमी आपल्याच पेपरात येते आणि आम्ही ती पहिली वाचतो. फिओदोसियात पण प्यायच्या पाण्याचे असेच हाल होते, समोर एवढा समुद्र आणि प्यायला थेंब नाही. १८८७ साली आयवाझोव्स्कीनं आपल्या जमिनीतल्या सुबाश झऱ्याचं पाणी गावाला देऊन टाकलं, दिवसाला ५० हजार बादल्या, आणि पुढच्याच वर्षी गावात कारंजं बांधून पाणी आलं. गावासाठी चित्रांची गॅलरी तर त्यानं १८८० मध्येच काढली होती, पुढं ती गावालाच दिली. खाऱ्या पाण्यावर नाव कमावलेल्या माणसानं गावाला गोडं पाणी दिलं, ही गोष्ट लेखात यायला हवी होती असं मला फार वाटलं.

त्याच गॅलरीत त्याचं १८९८ चं ‘लाटांमध्ये’ हे चित्र आहे, ‘नववी लाट’पेक्षाही मोठं, २८५ बाय ४२९ सेंटीमीटर. तेव्हा त्यानं ऐंशी ओलांडलेली. त्यात जहाज नाही, माणूस नाही, डोलकाठीचा तुकडासुद्धा नाही. काळं आभाळ, त्यातनं तिरका उतरलेला उजेड, आणि पाणी. पन्नास वर्षांपूर्वी लोकांना घाबरवायला आणि धीर द्यायला त्याला फुटलेलं जहाज लागलं होतं, म्हातारपणी ते पण लागलं नाही, उजेड आणि पाणी एवढ्यावर तो थांबला. मला विचाराल तर दोन्हीतलं हे मोठं, पण त्याच्याकडं यायचा रस्ता ‘नववी लाट’वरनंच जातो.

तर विनंती अशी की येत्या एखाद्या रविवारी ‘नववी लाट’ रंगीत पानावर, न कापता, आडवं पूर्ण पान देऊन परत छापावं आणि खाली ‘वादळानंतरची सकाळ’ असं स्पष्ट लिहावं. छापताना हिरवा फार भडक होऊ देऊ नका, पेपरचा कागद शाई पितो आणि मशीनवाले ती भरपाई करायला रंग वाढवतात, मग लाटेची कडा आणि बूड एकच होतं, कडेचा पिवळट हिरवा वेगळा दिसला पाहिजे एवढं बघायला सांगा. नेटवरच्या फोटोंचे रंग एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, म्हणून म्युझियमच्या साइटवरचाच घ्यावा. तो नाही मिळाला तर माझ्याकडचा प्रिंट मी ऑफिसात आणून देईन, स्कॅन करून घ्या, फक्त घडी घालू नका आणि काम झालं की परत द्या.

आपला,
एक वाचक, पडदे रंगवणारा
शहापूर, बेळगाव